दसऱ्याला हललेली मान

थेंब पडला तो गावच्या नर्मदाकाकीच्या गालावर, डाव्या डोळ्याच्या जरा खाली, आणि सुदेशनं सवयीनं ‘सॉरी’ म्हणायला तोंड उघडलं. चष्म्याच्या नंबराइतकंच दोन बुबुळांमधलं अंतर महत्त्वाचं असतं. ते मोजायचं तर गिऱ्हाइकाच्या नाकाशी नाक आणून, भुवयांवर पट्टी टेकवून उभं राहावं लागतं. जामसंड्याच्या बाजारात अठरा वर्षं दुकान चालवताना त्याच्या घामाचे असे कितीतरी थेंब कुणाकुणाच्या गालावर, चोळीवर, कडक इस्त्रीच्या कॉलरवर पडले होते. कुणी झटकन मागे सरकायचं, कुणी मुकाट्यानं रुमाल काढायचं. एक मास्तरीणबाई तर उठून नळावर जाऊन तोंड धुऊन आल्या होत्या. या सगळ्यांसाठी सुदेशकडे एक ठरलेलं ओशाळं हसू होतं. नर्मदाकाकीनं मात्र उजव्या हाताचं बोट गालावरच्या थेंबाला लावलं आणि ते कपाळाला टेकवलं. मग गळ्याला. तीर्थ घेतात तसं. डोळे मिटून ती दोन क्षण तशीच बसली. हसू सुदेशच्या ओठांवर अर्धंच राहिलं आणि पट्टी हातात अधांतरी. ‘पूस गो काकी’ असं म्हणायला हवं होतं हे त्याला कळत होतं. म्हणाला तो इतकंच, की सरळ बघ.

पौषातली सकाळ होती, बाहेर माणसं अजून स्वेटर घालून फिरत होती. सुदेशच्या डोक्यातून मात्र नेहमीसारखी धार लागली होती. बाकी अंग कोरडं ठणठणीत, तळवेसुद्धा कोरडे. जे काय यायचं ते मानेच्या वर. टाळूत सुरू व्हायचं, कानांच्या मागून उतरायचं, भुवयांत साठायचं आणि नाकाच्या शेंड्यावरून टपकायचं. गरम भात खाल्ला तरी आणि नाही खाल्ला तरी. लहानपणापासून हे असंच होतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तेव्हा घाम थांबला खरा, पण तोंडाला अशी कोरड पडली की घास गिळवेना, आणि नजर इतकी अंधुक झाली की चष्मेवाल्यालाच समोरचा तक्ता दिसेना. गोळ्या बंद झाल्या. छातीपाशी एक नस असते, ती कापता येते, असंही डॉक्टर म्हणाले होते. मग डोक्याचा घाम जातो, पण कधीकधी तो पाठीवर नाहीतर पोटावर निघतो. सुदेशची बायको किरण तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसली होती. घरी परतताना एसटीत ती म्हणाली, “असांदे. निदान आता खंय येता ता तरी ठावक आसा.” तेव्हापासून ती रोज सकाळी दहा नॅपकिन घडी करून त्याच्या पिशवीत ठेवते आणि संध्याकाळी ते धुऊन दोरीवर घालते. त्याबद्दल तिनं कधी ब्र काढला नाही. त्याचं तोंडही तिनं कधी पुसलं नाही.

घामाचं सुदेशला आताशा काही वाटेनासं झालं होतं. वाटायचं ते लोकांना. आठवीत सरांना वाटलं की या पोरानं कॉपी केली, एरवी एवढा घाम फुटेल कशाला. बाकावर उभं केलं आणि उभा राहिल्यावर तो आणखी निथळला, तेव्हा सरांची खात्रीच पटली. किरणला बघायला गेला तेव्हा तिच्या मामानं चहा संपायच्या आत विचारून घेतलं, की मुलाचं हृदय वगैरे ठीक आहे ना. गोव्याहून येताना नाक्यावरच्या पोलिसांनी तीनदा तोंडाचा वास घेतला. आणि बाप गेला तेव्हा अख्खा गाव म्हणाला, “केवढो रडता बापाशीसाठी.” तो रडत नव्हता. चितेजवळ उभा होता आणि आत अगदी सामसूम होती. लाकडं ओली आहेत, दुपार होणार, एवढंच काय ते मनात आलं होतं. पण माणसं पाठीवरून हात फिरवत होती, सांत्वन करत होती, आणि त्यानं ते घेतलं. नको कसं म्हणायचं? त्याचा चेहरा असाच त्याला न विचारता लोकांशी बोलत आला होता. कधी चोर, कधी भित्रा, कधी दारुडा, कधी आदर्श मुलगा. हळूहळू त्यानं त्यात तोंड घालणंच सोडून दिलं. आपल्याला नेमकं काय वाटतंय हे स्वतःला विचारायची सवयही त्यासोबत कधी गेली ते त्यालाच कळलं नाही.

दसऱ्याला जे झालं ते त्यामुळेच झालं असावं. मिठबावच्या अलीकडे, रस्ता समुद्राकडे उतरतो तिथे त्याचं गाव. दसऱ्याच्या दुपारी देवळातून तरंग बाहेर निघतात: पुरुषभर उंचीच्या, लुगडी नेसवलेल्या देवाच्या काठ्या. काठी धरणाऱ्याच्या अंगात अवसर येतो, म्हणजे देवच येतो. मग तो थरथरतो, आणि माणसं पुढे होऊन आपापला प्रश्न त्याला विचारतात. सुदेशच्या घराण्याकडे एका काठीचा मान होता आणि गेली वीस वर्षं चुलतभाऊ तुकाराम ती काठी धरत होता. यंदा आठ दिवस आधी तुकाराम माडावरून पाय घसरून पडला, मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. घराण्यातला हाताशी दुसरा पुरुष म्हणजे सुदेश. “नुसती धरून उभो रव,” तुकाराम म्हणाला होता. “येवचो आसात तर येतलो. नाय इलो तर नाय.” सुदेश उभा राहिला. ऑक्टोबरचं ऊन, भोवती माणसांची दाटी, ढोल कानाशी, अगरबत्त्यांचा धूर, दोन्ही हात काठीत अडकलेले. नॅपकिन खिशात आणि खिसा सात समुद्रांपलीकडे. घाम नुसता ओतत होता. हे पोर जन्मापासून असंच घामट आहे हे गावातल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं. शाळेत त्याला ‘झरो’ म्हणून हाक मारणारे सगळे समोरच उभे होते. पण त्याच्या हातात काठी होती, काठीला लुगडं होतं, आणि जडपणानं दंडही थोडे कापू लागले होते. गर्दी हळूहळू गप्प झाली. कुणीतरी हात जोडले.

तेव्हा नर्मदाकाकी पुढे आली होती. तिचा मुलगा विनीत मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला आणि वादळात ट्रॉलर बुडाला. चौघांपैकी दोघांची प्रेतं मिळाली. विनीत आणि ट्रॉलर हाकणारा तांडेल मिळाले नाहीत. पाच महिने झाले होते. भटजींनी सांगितलं होतं की प्रेत नसेल तर दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकता येते, सुनेला असं टांगून ठेवू नका. काकी म्हणाली होती, दसरा होऊ द्या, देवाला विचारते आणि मग करते. ती समोर आली, तिनं पदर पसरला, आणि ढोल थांबले असताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “म्हाराजा, माझो झील गेलो काय रे?” त्याच वेळी भुवयांत साठलेला घाम सुदेशच्या दोन्ही डोळ्यांत उतरला. मीठ झोंबलं. हात मोकळे नव्हते. त्यानं डोकं झटकलं, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पाण्यातून निघालेला कुत्रा झटकतो तसं. थेंब पुढच्या माणसांवर उडाले आणि माणसं मागे सरकली नाहीत. डोळे उघडले तेव्हा नर्मदाकाकी त्याच्या पायांवर पडली होती आणि तिच्या मागच्या बाया रडत होत्या. नाही गेला. देव नाही म्हणाला.

खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं होतं. उत्तराचं नव्हे, ते उत्तर आहे हे तर त्याला संध्याकाळी तुकारामकडून कळलं. बरं वाटलं ते बाकीचं. सावलीत खुर्ची आली, चहा बशीसकट आला. ‘झरो’ म्हणणाऱ्यांनी ‘सुदेशराव’ म्हटलं, आणि तोंडावरून पाणी गळत असताना तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी नजर वळवली नाही. दुसऱ्या दिवशी तो जामसंड्याला दुकान उघडायला आला. आठवड्यानं तुकारामचा फोन आला, “काकी सांगत फिरता, विनीत जितो आसा. भटाक नको म्हणान सांगल्यान.” सुदेश नुसता “हां?” म्हणाला. आज सांगू, उद्या सांगू. दिवाळी गेली, तुळशीची लग्नं झाली. गावाला गेलं की पोरंबाळं पाया पडायची आणि तो पडू द्यायचा. सांगायला हवं हे त्याला माहीत होतं, पण नळ थेंबथेंब गळत असतो आणि आपण आवाजाची सवय करून घेतो, तशी त्यानं त्या माहितीची सवय करून घेतली. अपराधी वाटतंय का, हे त्यानं एकदा रात्रीचं जेवताना स्वतःला विचारून पाहिलं. घाम आला होता. पण तो आमटीनंही येतो.

चार दिवसांपूर्वी विनीतची बायको भक्ती एकटीच दुकानात आली. चोवीस वर्षांची असेल. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, सासूनं लावायला लावलेलं. बाकावर न बसता तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. कुडाळला नर्सिंगच्या कोर्सला नाव लागलंय, पंधरा तारखेच्या आत हजर व्हायचंय, नाहीतर जागा दुसरीला जाणार. तिच्या मसुऱ्याच्या भावानं हातापाया पडून जागा मिळवली होती. “आई सोडणत नाय,” ती म्हणाली. “म्हणतत, बायल उंबऱ्याभायर गेली तर घोव दर्यातसून खंय येतलो? मी रोज दोन माणसांचा जेवाण वाढतंय, दादानू. एक माझा, एक तेचा. तेचा मगे कावळ्यांका.” सुदेश नॅपकिननं मान पुसत होता. तिनं विचारलं, “देवाचा माका काय ता कळणा नाय. तुमी सांगा. त्या येळाक तुमका काय दिसला?” तो म्हणाला, “माका काय्येक दिसूक नाय. डोळ्यांत घाम गेलो म्हणान डोक्या झाडलंय.” ती रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “मगे ह्या आईंका सांगा. मी सांगलंय तर तेंका वाटतला माकाच जावचा आसा.” आणि जाता जाता, “माका जावचा आसाच. पण तो गेलो हा तेही खरा आसा.” सुदेश म्हणाला, सांगतो. सोमवारी मी त्यांना चष्म्यासाठी घेऊन येते, असं ती म्हणाली.

आज सोमवार होता. भक्ती आत आली नव्हती. पायरीपाशी, उन्हात, कापडी पिशवी पोटाशी धरून ती बाजाराकडे बघत उभी होती, आणि काचेतून तिचा खांदा तेवढा दिसत होता. आत नर्मदाकाकी स्टुलावर बसली होती. लांबचा चष्मा हवा होता तिला. जवळचं नको, वाचता तिला येतच नाही. “लांबचा दिसाक व्हया,” ती म्हणाली. “चारांपासून मी दर्याच्या वेळेर बसतंय. ट्रॉलर येतत तेंचो रंग माका वळखाक येणा नाय. सगळे सारकेच दिसतत. तेचो हिरवो होतो, वर नारिंगी पट्टो.” तक्त्यावरची चित्रं दाखवून सुदेशनं नंबर काढला होता, नजर तशी फार खराब नव्हती. एक नंबराची काच घातली तर तिला अर्धा मैल पुढचं दिसलं असतं. रोज चार वाजल्यापासून अर्धा मैल जास्त समुद्र. आपण हे तिला विकणार आहोत हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा हात खाली आला. आपला हात खाली आला, हे त्यानं दुसऱ्याचा हात बघावा तसं पाहिलं.

“काकी,” तो म्हणाला, “माका घाम येता.”

“ठावक आसा मा,” काकी म्हणाली. “तू एवढोसो होतंस तेव्हापासून बघतंय. तुझी आवस पदरान पुसून पुसून दमायची.”

“दसऱ्याक पण तोच होतो. देव नाय होतो.”

“घाम तुझोच रे. घाम देवाक कित्याक येतलो?” तिला त्याची दया आल्यासारखी दिसली. “पण मान तुझी नाय होती. मान तेणी हलवल्यान.”

आपल्या बोलण्यालाच बूच बसल्यासारखं त्याला झालं. घामाची कबुली द्यायची तयारी त्यानं चार दिवस केली होती आणि तिला तर घामाचं काही पडलेलंच नव्हतं. त्यानं पट्टी काउंटरवर ठेवली. डोकं पुसलं, पण ते पुन्हा लगेच भिजलं. “मान मी हलवलंय,” तो म्हणाला. “तू इचारलंस तेव्हा घाम माझ्या डोळ्यांत गेल्लो. झोंबाक लागलो. हात काठयेक होते. म्हणान मी डोक्या झाडलंय. ढोलांनी कान बसल्ले, तुझा बोलणा पण माका नीट आयकाक येवक नाय, काकी. सांजेक तुकारामान सांगल्यान तेव्हा माका कळला तू काय इचारलंस.”

समोरच्या भिंतीवर चष्म्यांच्या फ्रेमा ओळीनं लावलेल्या होत्या, तिकडे काकी बघत राहिली. रस्त्यावरून टेम्पो गेला, काचा थरथरल्या आणि थांबल्या. मग तिनं हिशोबी आवाजात, मासळीच्या वाट्याचा भाव विचारावा तशा, विचारलं, “कधीपासून ठावक होता तुका?”

“त्याच सांजेपासून.”

“तीन म्हयने.”

“होय.”

“आणि बोललंस नाय.”

यावर त्याच्याकडे बरीच उत्तरं होती: दुकान, दिवाळी, लांबचा रस्ता. ती सगळी त्याला आठवली आणि एकही तोंडात आलं नाही. “माका बरा वाटला,” तो म्हणाला. “लोक हसणत नाय होते. म्हणान.” बोलून झाल्यावर त्याला लाज वाटली. स्वच्छ, साधी लाज. आठवीच्या बाकावर वाटली नव्हती, चितेजवळ वाटली नव्हती. चेहऱ्यावर तर काय नेहमीचंच पाणी होतं, त्यामुळे काकीला ती दिसली नसावी.

“माझ्या सुनेक तीन म्हयने ताट वाढूक लावलंय मी,” काकी म्हणाली. “ता चेडू एक अक्षर बोलूक नाय.” तिचे हात मांडीवर होते, खवलं काढून काढून चिरा पडलेले, आणि ती ते उलटेपालटे करून बघत होती. “देवान सांगला नाय तर नाय. मगे तू सांग. तू सांग माका, सुदेश. गेलो काय तो?”

इथे त्याच्या हातात काठी नव्हती, ढोल नव्हते. नको ते आपल्यावर आलं, असं वाटायला हवं होतं, तर तेही फारसं वाटलं नाही. आत नेहमीसारखी सामसूम होती. पण त्या सामसुमीत एक गोष्ट होती, आणि ती तिथे मे महिन्यापासून होती. मिठबावच्या किनाऱ्याला लागलेली फळी तुकारामबरोबर जाऊन त्यानं स्वतः बघितली होती. हिरवी, वर नारिंगी पट्टा. तांडेलाच्या भावानं ओळखली होती आणि विनीतच्या आईला सांगू नका म्हणाला होता. “गेलो, काकी,” सुदेश म्हणाला. “येवचो नाय तो.” आणि मग फळीचंही सांगितलं.

ती ओरडेल, निदान छाती बडवेल, म्हणून त्यानं काउंटरची कड धरून ठेवली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, एवढंच. पदराआडून आवाज आला. “भायर उभी आसा ती. तिका जावन सांग.”

“काकी, ह्या तू...”

“माझ्या तोंडातसून येवचा नाय ता. तू हलवलंस मान. तूच सांग. कुंकू पुसू नको म्हण तिका, माका तसला काय नको. खंय जावचा ता जावंदे. पुतळो मी करतलंय.”

सुदेश दाराकडे वळला. पिशवीतल्या नॅपकिनकडे त्याचा हात गेला आणि नुसताच परत आला. तो दुकानाबाहेर उन्हात आला तेव्हा त्याचं डोकं, कपाळ, हनुवटी सगळंच गळत होतं, शर्टाची कॉलर भिजून काळी पडली होती. समोरचा फळवाला तराजू थांबवून बघायला लागला. भक्तीनं मान वळवली. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, मागे काचेतून स्टुलावरची पदर ओढलेली सासू बघितली, आणि तिला कळलं असावं. तरी तो म्हणाला, “विनीत गेलो, भक्ती. ह्या नक्की आसा. आईंका सांगलंय मी. तू कुडाळाक जा.”

तीन महिने तिनं ज्याचं ताट वाढलं त्याचं नाव कुणी भूतकाळात घालून तिच्यासमोर उच्चारलं नव्हतं. ती स्वतः बोलली होती, पण ते वेगळं. तिचा आवाज अगदी बारीक झाला. “कोण सांगता ह्या?” तिनं विचारलं. “देव?”

“नाय,” तो म्हणाला. “मी सांगतंय.”

तिनं पिशवी पायरीवर ठेवली, मग स्वतः पायरीवर बसली, आणि गुडघ्यांत डोकं घालून मोठ्यानं रडायला लागली. बाजार बघत होता. तिच्या मानेवर ऊन पडलं होतं, म्हणून सुदेश दोन पावलं डावीकडे सरकून तिच्यावर आपली सावली पडेल असा उभा राहिला आणि तिचं होईपर्यंत तिथून हलला नाही.